नागकेशराच्या पुडीचं पान

—तसं न्हवं पावणं, चहाला नको म्हणतोय म्हणून राग मानू नका. चहाचा त्याग केलाय. आमच्या जैनांत असतंय तसं — मनातलं एखादं काम होईस्तवर एक वस्तू सोडायची. कुणी गूळ सोडतं, कुणी भात. मी चहा सोडला. दिवसाला बारा-चौदा कप पिणारा माणूस मी, आता दुपारचे चार वाजले की कानशिलं ठणकत्यात — तेवढ्यावरनं ओळखा काम केवढं असंल. पाणी दिलंसा, बास झालं. आणि मघाशी दारात उभ्या उभ्या बोललो त्यातलं निम्मं तुमच्या कानावर गेलं नसणार, तुमचं ध्यान म्हशीकडं होतं — तवा परत सांगतो. मी बापूसो शेटे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत खड्या मसाल्याचं दुकान हाय आमचं, वडलांच्या वेळपासनं. तुमच्या मंडळी — चिमणाबाई न्हवं? — पाडव्यानंतरच्या आठवड्यात आलत्या, चटणीचा मसाला न्यायला. चार किलो मिरचीचा. दगडफूल जास्ती घ्या म्हटलं तर म्हणाल्या, 'नको, आमच्या मालकांच्या डोक्यात वास चढतोय.' — बघा, हसलासा! व्हय का न्हाय? गिऱ्हाइकाचं तोंड इसरंन, पण मसाला इसरणार न्हाय मी. तर त्या मसाल्यात पन्नास ग्रॅम नागकेशर होतं. ते गेलं असंल चटणीत, डंकावर कुटून बरण्या भरून झाल्या असतील, त्याचं काय न्हाय. मला पुडी पायजे. नुसता कागद. वहीचं पान, आखीव, निळ्या शाईनं लिवलेलं. त्यासाठी सकाळच्या एसटीनं मलकापूर गाठलं, स्टँडवर 'आकाराम पाटील कुठं ऱ्हात्यात' म्हणून विचारलं तर सात आकाराम पाटील निघाले. तुम्ही पाचवं.

एका कागदासाठी एवढं? — सगळी असंच म्हणत्यात. पोरीची वही हाय ती, पावणं. ऐश्वर्या. एकुलती एक. अन्नाचं शास्त्र शिकलीया, आता पुढचं शिकायला परदेशी जायचं म्हणती, आणि जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागती. ती परीक्षा परवा. शनिवारी, पुण्यात. तिच्यात शब्द विचारत्यात — आपल्या कानावर पडत्यात तसले साधे न्हवं, इंग्रजांच्या घरात सुद्धा पेटीत घालून ठेवल्यासारखे, सणावाराला काढायचे शब्द. तर ह्या पोरीनं दोन वर्षं बसून वही केली. शंभर पानं, दोन्ही अंगांनी भरलेली. पानाच्या एका बाजूला एकच शब्द. वर शब्द, त्याखाली अर्थ, आधी इंग्रजीत मग मराठीत. आणि त्याच्याखाली त्या शब्दाची सगळी भावकी — म्हणजे बघा, एक शब्द काम सांगतो, त्याच्यापासनं निघालेला दुसरा गुण सांगतो, तिसरा वस्तूचं नाव होतो, सगळे एकाच घरचे, तोंडवळा एक, धंदा वेगळा. आणि प्रत्येकापुढं एक वाक्य. पुस्तकातलं न्हवं, स्वतःचं. मी म्हटलं, अगं पुस्तकातलं उतरून घे, कशाला डोकं शिणवतीस? तर म्हणाली, 'आप्पा, दुसऱ्याचं वाक्य पाठ होतं, आपलं वाक्य अंगी लागतं.' काय बोलती बघा! मला तर वाटलं, हिला सोनं द्यावं.

आणि ती वही मी — ती वही पुड्यांत गेली. आमच्या दुकानात पुडीला कागद लागतो. प्लॅस्टिक बंद झालं तवा बाकीचे दुकानदार रडले, मी न्हाय रडलो, कारण मी कधी पिशवीत दिलंच न्हवतं. वर्तमानपत्र मसाल्याला चालत न्हाय, शाई उतरती. वहीचा कागद पायजे, जाड, लवंगेचं तेल न पिणारा. तर आमच्यात रीतच हाय — पाडव्याला घर झाडायचं आणि जुन्या वह्या दुकानात आणायच्या. ऐशू पहिलीत होती तवापासनं. वर्ष संपलं की स्वतः दप्तर घेऊन यायची, 'आप्पा, ह्या घ्या ह्या वर्षीच्या पुड्या' म्हणायची. तिची बाराखडी, तिचे पाढे, तिची पानपताची लढाई, सगळं कोल्हापूरच्या चटणीला लागलंय, पावणं. दहावीच्या भूमितीत तर मी आख्ख्या शिवाजी पेठेला जिरं बांधून दिलंय. तर यंदाबी पाडव्याला झाडलोट झाली, जिन्याखाली वह्यांचा गठ्ठा पडला, आणि त्या गठ्ठ्यात ही वही गेली. अशी झाली चूक. घरातनं झाली. बाईमाणूस, झाडताना कुठं एकेक वही उघडून बघतंय — जाऊ द्या.

मला किती येतं इंग्रजी म्हणालासा? बसा, सांगतो. दहावीला दोनदा इंग्रजीत गेलो. वडील म्हणाले, मिऱ्याला इंग्रजी कळत न्हाय, बस गादीवर. बसलो. मग एकदा एक गोरा आणि त्याची बायको दुकानात आली — ही आपली पंचवीस वर्षांमागची गोष्ट — आणि बाईनं दगडफूल उचललं, नाकाला लावलं, आणि काहीतरी विचारलं. वडील माझ्याकडं बघायला लागले. मी छाती काढून म्हणालो, 'स्टोन फ्लॉवर!' गोरा खळखळून हसला. मला कळंना, बरोबर म्हणून हसला का चूक म्हणून. आजवर कळलं न्हाय. पण त्या दिवसापासनं ठरवलं, की पुडी बांधताना हातातल्या कागदावर जो इंग्रजी शब्द दिसंल तो सोडायचा न्हाय. कुणाच्या कॉलेजच्या वह्या असायच्या, कुणाची औषधाची पत्रकं. दिवसाला पाच शब्द. डिक्शनरी गल्ल्याखाली. लोकं म्हणायची शेटे जप करतोय. आणि ऐशूनं ही वही सुरू केली तवा — पावणं, माझ्या जन्मातली दोन वर्षं चांगली गेली असतील तर ती ही. सकाळी सात ते आठ. दुकान उघडायचं, गिऱ्हाईक यायचं असायचं, ही ब्याडगी मिरचीच्या पोत्यावर मांडी घालून बसायची, वही माझ्या हातात. मी विचारायचं, तिनं सांगायचं. 'बेनेव्हलंट?' — 'भलं चिंतणारा.' 'त्याचे भाऊबंद?' — 'बेनेव्हलन्स, बेनेफॅक्टर, बेनेफिट.' मी म्हणायचो, हे 'बेने' घराणं चांगलं दिसतंय, सोयरीक करायला हरकत न्हाय. आणि 'मॅल'वाले सगळे बेरकी — मॅलिस, मॅलेव्हलंट — त्यांच्यात पोरगी देऊ नये. हसायची. पोत्यावरनं मिरचीची खकाणी उडायची आणि दोघं शिंकत शिंकत हसायचो. मला वाटायचं ही परीक्षा कधी येऊच नये. म्हणजे — नापास व्हावी असं न्हवं. येऊ नये. नुसती तयारी चालू ऱ्हावी.

तर वही गेल्याचं कळलं तवा सगळी पानं गावभर झाली होती. तवापासनं ह्यो तिसरा आठवडा, मी दारोदार फिरतोय. शंभरातली अठ्ठ्याऐंशी गोळा केली. कशी केली ते माझं मला म्हायती. राजारामपुरीत एका बाईनं पान देवघरात हळदीच्या वाटीखाली ठेवलेलं, म्हणाली एवढं सुंदर अक्षर, टाकवंना. गुंडू भजीवाल्यानं तीन पानं गिऱ्हाइकाला भजी देऊन संपवलेली, चौथ्या पानावर माझ्यादेखत मिरची भजी ठेवली — मी भज्यासकट उचललं. गारगोटीला एका बाईनं पान दिलं आणि वर विचारलं, 'शेटेकाका, मागच्या साली जायपत्री कुबट का लागली?' ऐकून घेतलं. काय करता, हातात पान होतं. पाच पानं चुलीत गेली, त्यांचं पाणी सोडलं. आणलेलं एकेक पान पाट्याखाली दाबून सरळ करायचं, आणि ऐशूच्या टेबलावर ठेवायचं. ती घेती, वास घेती — लवंग, वेलदोडा, हिंग — आणि आकड्याप्रमाणं लावून ठेवती. पानांना आकडे घातलेत तिनं, उजव्या कोपऱ्यात. तुमच्याकडचं सत्तेचाळीस.

—काय?

कुठल्या पुडीला कुठलं पान ते मला कसं म्हायती... असंच असतंय, पावणं. ध्यानात ऱ्हातं एकेक. आता ह्यात काय विचारण्यासारखं हाय? चाळीस वर्षं पुड्या बांधतोय. माझी पुडी बघितलीया का तुम्ही? दोरा न्हाय, टाचणी न्हाय. तीन घड्या आणि शेवटची जीभ आत. डोंगरावरनं सोडली तरी सुटत न्हाय. वडलांनी शिकवली, मी कुणाला शिकवली न्हाय. दुकानात दोन गडी हायेत, ते तोलत्यात, पुडी मात्र माझ्याच हातची. कोल्हापुरात लोकं म्हणत्यात, मसाला कुठनंबी घ्या, पुडी बापूसोची —

हं. बोला की. बोला, मनात ठेवू नका.

…व्हय. बरोबर हाय तुमचं. शंभर पुड्या ह्याच हातानं बांधल्या. पोरीचं अक्षर वळखलं न्हाय का — असंच विचारायचं होतं न्हवं? साधा सरळ सवाल. तीन आठवड्यांत नव्वद घरं फिरलो, शिकलेली माणसं भेटली, वकील भेटले, कुणाच्या डोक्यात आला न्हाय. तुमच्या आला. म्हशी राखणाऱ्याला एका नजरेत कळतं कुठल्या म्हशीनं दूध चोरलंय.

गर्दी होती, पावणं. सिझन. पाडवा ते अक्षयतृतीया आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसती. माणूस कागद बघत न्हाय, हात चालत असतो... न्हाय. न्हाय, हे मी ऐशूच्या आईला सांगितलं तवासुद्धा तिनं मान हलवली न्हवती. नुसतं बघितलं. ऐका, कसं झालं ते. ऐशू दुकानात आली, चेहरा पांढरा फटक, 'आप्पा, माझी वही?' म्हणाली. मी तराजूकडं बघितलं. तराजूत काय न्हवतं. तिची आई डबा घेऊन आलती, मागंच उभी होती. ऐशू वळली, 'आई, तू दिलीस गठ्ठ्यात?' आणि आईनं माझ्याकडं बघितलं. एवढंच — हे हितनं त्या खांबापर्यंत माणूस चालत जाईल एवढा वेळ. आणि म्हणाली, 'दिली असंल बाई. झाडताना ध्यान ऱ्हायलं न्हाय.' पावणं, त्या बाईनं ती वही गठ्ठ्यात ठेवलीच न्हवती. त्या वहीला ती हळद लागल्या हातानं शिवत सुद्धा न्हवती. तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, आणि मी काय केलं असंल? मी धणे तोलायला घेतले. दोन आठवडे पोरगी आईशी बोलली न्हाय. ताट समोर आलं की उचलून खोलीत जायची. आणि ही बाई एका शब्दानं मला बोलली न्हाय. तिनं भांडण काढलं असतं तर मला झोप लागली असती.

का केलं? ते सांगायला मी आलो न्हवतो हितं. मी कागद न्यायला आलोय. तुम्ही आत जाऊन बघताय का जरा — मिसळणाच्या डब्याखाली, फडताळात —

बसा. बसा. सांगतो.

सत्तेचाळीसावं पान. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली, वही माझ्याजवळच होती, मी सहज पुढची पानं चाळली. आम्ही तोपर्यंत चाळीसपर्यंतच विचारून झालतो. सत्तेचाळीसावर शब्द होता 'स्टायफल'. स्टायफल म्हणजे दाबून टाकणं, श्वास कोंडणं, गुदमरवणं. आणि हा शब्द तिला मीच समजावून दिलता, पावणं! दुकानात मिरचीचं पोतं फुटलं, सगळी ठसकायला लागली, डोळ्यांत पाणी, श्वास घेता येईना — मी म्हटलं, हे बघ, ह्येच तुझं स्टायफलिंग. आठवणीत ऱ्हाईल असं सांगावं म्हणून. तर पान उघडून बघतो, की आपलं मिरचीचं वाक्य लिवलं असंल. तिनं काय लिवलेलं? पहिल्या रूपापुढं — आप्पा घरात आले की आई हसू दाबती. स्टायफल्स. मी वाचलं, म्हटलं असं? दाबती? आणि दुसऱ्या रूपापुढं. 'माय फादर्स लव्ह इज स्टायफलिंग.' मराठी करून सांगू? माझ्या बापाच्या मायेत जीव गुदमरतो. पाच शब्द, पावणं. एकबी अवघड न्हाय. दहावीला दोनदा गेलेल्या माणसाला कळावेत असे. मी पंचवीस वर्षं गल्ल्याखाली डिक्शनरी ठेवून इंग्रजी शिकलो ते काय हे वाचायला? अंगठेबहाद्दर असतो तर त्या दिवशी मी सुखात जेवलो असतो.

तिसऱ्या रूपापुढं वाक्यच न्हवतं. 'स्टायफल्ड' लिवून पुढं जागा मोकळी ठेवलेली. मी त्या मोकळ्या जागेकडं बघत बसलो. म्हटलं, अजून काय लिवायचं ठेवलंय हिनं?

आता तुम्ही म्हणाल, ते एक पान फाडायचं. पुरी वही कशाला? तिथंच धंदेवाल्याचं डोकं चालतं बघा. पोत्यातनं एक मूठ लवंग गेली तर हिशोब कुणाचा तरी लागतो. पोतंच गेलं तर लोकं म्हणत्यात, चूक झाली असंल, दुसऱ्या गाडीत चढलं असंल. एक पान फाडलं असतं तर ऐशूला कळलं असतं कुणी वाचलं ते. म्हणून शिवण उसवली. शंभर पानं सुटी केली. आणि दिवसभर बांधली. बेनेव्हलंटमध्ये जिरं बांधलं, मॅलिसमध्ये बडीशेप. आणि सत्तेचाळीसावं पान बाजूला ठेवलं, मांडीखाली, की एखादं लांबचं गिऱ्हाईक येऊ दे. गावातलं नको. परत दारावरनं जाणारं नको. दुपारी तुमच्या मंडळी आल्या. विचारलं, 'कुठल्या गावच्या, कुणाच्या घरच्या?' म्हणाल्या 'मलकापूर, रत्नागिरीच्या वाटंला. आकाराम पाटलांच्या.' मी नागकेशर बांधलं. वरनं चार मिरं जास्ती टाकलं.

मनात असं होतं का, की वही गेली की परीक्षा गेली, परीक्षा गेली की परदेश गेला, आणि पोरगी मिरचीच्या पोत्यावर ऱ्हाईल? म्हायती न्हाय. असंल. राग मोठा होता का भ्या मोठं होतं ते मला आजबी तोलता येत न्हाय, आणि तोलण्यात तर मी कच्चा न्हाय. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघितला आणि उतरला सगळा राग. पण उतरून उपयोग काय? पुड्या गेलत्या. मग निघालो गोळा करायला. ती फोननं विचारायची, 'आप्पा, कुणाकुणाला गेलाय मसाला?' मी सगळी नावं दिली. मलकापूर तेवढं दिलं न्हाय. सगळ्या गावांवरनं फिरून आलो, तुमच्या गावाला यायला मन होईना. आज आलो. आज का? परीक्षा परवा. तिला वाटतं ते पान जळालं. मला ते आणून तिच्या हातात द्यायचंय — मग काय म्हणायचं ती म्हणू दे. 'आप्पा तुम्ही वाचलंत?' विचारलं तर म्हणंन व्हय. तेवढं ठरवून एसटीत बसलो. बांबवड्यापर्यंत तरी ठरलेलं होतं.

एक बरं झालंय. सोमवारपासनं ती आईशी बोलायला लागली. आपोआप. मैत्रिणीकडं गारगोटीला जाते म्हणून गेलती, संध्याकाळी आली, ती सरळ स्वयंपाकघरात. मी बाहेर दारात चपला काढत होतो — आत काय झालं दिसलं न्हाय, पण बराच वेळ भांड्यांचा आवाज न्हवता. मग दोघी हसल्या. दाबून न्हवं, चांगलं हसल्या. मी म्हटलं, चला, पानं परत यायला लागली तसं पोरीचं मनबी यायला लागलं. सकाळची दुकानात मात्र येत न्हाय हो. मंगळवारी वाट बघितली, बुधवारी बघितली. म्हणती डोकं दुखतंय. परीक्षा जवळ आली की दुखतंच —

कोण? चिमणाबाई? या की वैनी, या. ह्यांना म्हटलं होतं डब्याखाली बघा म्हणून... व्हय, व्हय, ह्येच! पिवळं पडलंय थोडं, पण — सत्तेचाळीस! बघा, आकडा बघा! तुमचं लई मोठं उपकार झालं, वैनी. किती जपून ठेवलंसा. कशात ठेवलतं?

…कुणी?

सोमवारी?

हितं, ह्याच ओसरीवर? अहो पण मी मलकापूरचं नाव सांगितलंच — तुम्ही फोन केलता? दुकानाच्या नंबरवर? अक्षर सुंदर दिसलं म्हणून... आणि तिनं उचलला. असं. असं झालं तर. मग? नेलं का न्हाय तिनं पान? पोरगी चाळीस-पन्नास किलोमीटर आली आणि पान हितंच ठेवून गेली?

'मला पाठ हाय.' असं म्हणाली. आणि पुढं? सांगा की वैनी. आकारामपावणं, तुम्ही सांगा, मघापासनं एवढं ऐकताय. 'आप्पा येतील. त्यांना द्या.' …'लई बोलतील ते. बोलू द्या, बोलून झाल्यावर द्या.'

म्हणून तुम्ही गप होता व्हय.

घडी बघितली का तिनं? पुडीची? उलगडून परत घातली? आत जीभ घालून? …मी कुणाला शिकवली न्हवती, पावणं. पोत्यावर बसून शिकली असणार. बघत बघत.

थांबा. चष्मा कुठं गेला. हितं तिसऱ्या ओळीत — ही जागा मोकळी होती. मी सांगितलं न्हवं तुम्हाला, मोकळी होती म्हणून? आणि ही शाई निळी न्हाय. तुमचा पेन मागून घेतला तिनं? दूध संस्थेचा? …'माय मदर… स्टायफल्ड… द ट्रूथ. फॉर हिम.' अर्थ विचारू नका. न्हाय, सांगतो, मीच अर्थ विचारायचो तिला रोज, आता कुणीतरी विचारलंच पायजे. माझ्या आईनं खरं दाबून ठेवलं. त्याच्यासाठी.

आप्पांसाठी लिवलं न्हाय बघा. त्याच्यासाठी.

बरोबर लिवलंय. परीक्षेत एक मार्क कापणार न्हाईत.

न्हाय वैनी, चहा नको. अजून नको. वैनी, पावणं, एक करा — माझा ह्यो फोन, ह्याच्यात 'घर' म्हणून नंबर हाय, तेवढा लावून द्या, बोट लागंना माझं. ऐशूची आई उचलंल. ऐशू जवळ असंल… वाजतोय? द्या हिकडं. आणि तुम्ही दोघं जरा आत जाता का? जावा की. तुम्हाला सांगितलं ते काय, वाटंवरच्या माणसाला सांगितल्यासारखं हुतं, बोलत गेलो. हे तसं न्हाय. जावा, म्हशीचं बघा. दार ओढून घ्या.

हॅलो.